वजन कमी करायला पार्टनर हवाय, पण निवडायचा कसा?

ओलीसुकी
नमस्कार मंडळी. मी इथे जास्त करून वाचनमात्र असते पण आज धागा काढतेय कारण विचार करून करून डोकं शिणलंय. वजन कमी करायचंय. डॉक्टर म्हणाले की आत्ताच्या वजनाच्या ५ ते १० टक्के जरी उतरलं तरी बीपी आणि शुगरला फरक पडतो, म्हणजे अगदीच अशक्य काही मागत नाहीयेत. काय खायचं काय नाही हे मला माहितीये, त्यावर सल्ले नकोत प्लीज (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या). प्रॉब्लेम असा की एकटीने सुरू केलं की पहिले काही आठवडे झकास जातात, मग एक दिवस चुकतो, मग दुसरा, आणि विचारणारं कोणी नसल्यामुळे ते सगळं कधी बंद पडलं हे माझं मलाच कळत नाही. म्हणून कोणीतरी पार्टनर बघायचा आणि दर आठवड्याला हिशोब द्यायचा असं ठरवलंय.

उमेदवार दोन आहेत. एक जिवलग मैत्रीण, तिलाही वजन कमी करायचंय, पण भेटायचं ठरलं की अर्धा तास उशीर ठरलेला, आणि माझं काही चुकलं की लगेच "जाऊ दे गं, उद्यापासून". दुसरी ऑफिसातली कलीग. फारशी जवळीक नाही, जरा कोरडीच आहे, पण मेलचं उत्तर त्याच दिवशी देणारी. कोणाला विचारू? आणि विचारल्यावर नक्की करायचं काय असतं? जेवणाचे फोटो पाठवायचे? काट्यावरचा आकडा सांगायचा? तो सांगायची मला जाम लाज वाटते हे आधीच सांगून ठेवते.

पायवाट
कलीग. डोळे मिटून.

मैत्रीण तुम्हाला समजून घेते आणि या कामात नेमकं तेच नडतं. तिच्याकडून माफी फुकट मिळते. कलीगसमोर सलग दोनदा "जमलं नाही" म्हणताना जीभ थोडी तरी अडखळेल, आणि तेवढी अडखळ पुरते. फक्त ती तुमची बॉस किंवा तुमच्या हाताखालची नको, तिथे भलतेच हिशोब मध्ये येतात.

पण विचारायच्या आधी एक करून बघा. वजनाशी संबंध नसलेली काहीतरी छोटी गोष्ट तिच्यासोबत ठरवा, समजा शुक्रवारी एकमेकींना कसली तरी आठवण करायची. दोन-तीन आठवडे ती न सांगता करते का बघा. उत्साह सगळ्यांकडे असतो हो, सोमवारी सकाळी तर भरपूरच असतो, तुम्हाला हवंय ते कंटाळवाणं सातत्य.

निम्मीसाखर
वाचतेय. मलाही हाच प्रश्न आहे, फक्त माझा उमेदवार नवरा आहे.

सायंतारा
@निम्मीसाखर, अगं नको! घरातला माणूस पार्टनर झाला की प्रत्येक जेवण ही परीक्षा होते. आमच्याकडे हा प्रयोग झालाय. मी ताटात दुसऱ्यांदा काही घेतलं की समोरून भुवई वर. तोंडाने काही बोलायचा नाही पण ती भुवई!! मग मी तो झोपल्यावर खायला लागले. म्हणजे वजनाचं राहिलं बाजूला आणि घरात लपवाछपवी सुरू झाली. त्याचा हेतू चांगला होता याबद्दल वादच नाही. आता तो फक्त नवरा आहे आणि हिशोब मी मावसबहिणीला देते जी दुसऱ्या शहरात राहते. तिला माझं ताट दिसत नाही हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

काटेकोर
सायंताराचा अनुभव पटला, पण नवरा-बायकोच्या बाबतीत एवढं एकतर्फीही नाहीये. २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, १३० जोडप्यांचा. त्यात दोघांपैकी एकानेच वजन कमी करायचा कार्यक्रम घेतला होता, दुसऱ्याला काहीच दिलं नव्हतं. तरी सहा महिन्यांत त्या दुसऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांचं वजन ३ टक्के किंवा जास्त उतरलं. घरात आणलं जाणारं सामान बदलतं, जेवायच्या वेळा बदलतात, त्याचा परिणाम असणार. म्हणजे घरच्यांचा उपयोग आहे, पण सोबत म्हणून. तपासनीस म्हणून ठेवलं की भुवई आलीच.

धाग्याच्या मूळ प्रश्नावर थोडं लांबण लावतो. १९९९ चा विंग आणि जेफरी यांचा अभ्यास आहे, १६६ लोक, काही एकटे आलेले आणि काही तीन मित्र किंवा नातेवाईक सोबत घेऊन. चार महिन्यांचा कार्यक्रम. एकटे आलेल्या आणि नेहमीचीच ट्रीटमेंट मिळालेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी तो पूर्ण केला. मित्रांसोबत आले आणि वर एकमेकांना आधार कसा द्यायचा हेही ज्यांना शिकवलं, त्यांच्यात ९५ टक्क्यांनी. पण खरी गंमत पुढे आहे. दहाव्या महिन्यापर्यंत उतरलेलं वजन पूर्ण टिकवणारे पहिल्या गटात २४ टक्के आणि दुसऱ्यात ६६ टक्के.

आता यात एक पाचर आहे. तीन जणांना पटवून सोबत आणू शकणारा माणूस मुळातच जरा वेगळा असतो, त्यामुळे सगळं श्रेय सोबतीला देता येत नाही. तरी "आधार कसा द्यायचा हे शिकवलं" हा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. नुसतं "आपण दोघी मिळून करू गं" म्हणून भागत नाही.

शंकासुर
मला हे पार्टनर प्रकरण कधीच झेपलं नाही. मोठ्या माणसाला दर रविवारी कोणालातरी रिपोर्ट का द्यायचा? त्यापेक्षा सरळ पैसे लावा. मित्राकडे रक्कम ठेवा, वजन नाही उतरलं तर पैसे गेले. बघा कसं उतरतं.

काटेकोर
उतरतं की. त्यावरही अभ्यास आहे, २००८ चा, ५७ लोक, १६ आठवडे. स्वतःचे पैसे पणाला लावलेल्यांचं सरासरी साधारण साडेसहा किलो उतरलं आणि नुसतं महिन्याला वजन करणाऱ्यांचं दोन किलोच्या आत. पण सात महिन्यांनी बघितलं तर बरंचसं परत आलेलं आणि दोन्ही गटांतला फरक ठामपणे सांगता येण्याइतका उरला नव्हता. पैशाची भीती असेपर्यंत काम होतं, पुढे काय हा प्रश्न राहतोच.

शिवाय पैसे काट्यावरच्या आकड्याला लावले की शेवटच्या दोन दिवसांत लोक पाणी बंद करण्यापासून काहीही करतात. ते वेगळंच दुखणं.

शंकासुर
बरं बरं, तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर अभ्यास असतो. पण माझा मुद्दा शिल्लक आहे. आपण कोणालातरी जबाबदार आहोत या भावनेने माणूस कायम दुसऱ्याच्या धाकात राहतो. पार्टनर सोडून गेला की?

पायवाट
धाक असेल तर ती व्यवस्थाच चुकली. माझा पार्टनर मला "खाऊ नकोस" कधीच म्हणत नाही, तो त्याचा प्रांतच नाही. तो फक्त एवढं विचारतो की तू सांगितलं होतंस ते झालं का. काय करायचं हे मी ठरवतो, किती करायचं तेही मी ठरवतो, तो फक्त आठवण ठेवतो. आणि मी त्याची.

ओलीसुकी, तुमच्या आकड्याच्या लाजेवरचा उपायही यातच आहे. आकडा सांगूच नका. किलो तुमच्या हातात नसतात, चालणं तुमच्या हातात असतं. "या आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालणार, आणि रात्री जेवणानंतर काही खाणार नाही" असं सांगायचं आणि पुढच्या आठवड्यात किती दिवस झालं ते. बास.

काटेकोर
+१०० पायवाट.

याला आणखी एक कारण आहे. काटा दिवसादिवसाला एक-दोन किलोसुद्धा हलतो आणि त्यात चरबीचा संबंध नसतो. मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, व्यायाम जोरात झाला की शरीर पाणी धरून ठेवतं, आणि पोट साफ नसेल तर तेही काट्यावर दिसतं. ग्लायकोजेन म्हणून साखरेचा जो साठा स्नायू आणि लिव्हरमध्ये असतो त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन धडाधड उतरतं ते बरंचसं हेच पाणी, आणि मग तिसऱ्या आठवड्यात काटा अडला की लोक रडकुंडीला येतात. आठवडाभर इमानदारीत केलं आणि आकडा वर गेला असं सर्रास होतं. त्या दिवशी पार्टनरला फक्त आकडा दिला तर दोघांचीही समजूत होते की आठवडा फुकट गेला.

वजन करायचं नाही असं मात्र म्हणत नाहीये. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांचीच. त्यातले सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. करा, लिहून ठेवा, सरासरी काढा. पार्टनरला दाखवायचं तर महिन्याची सरासरी दाखवा.

निम्मीसाखर
हे आधी कोणी का नाही सांगितलं मला! आम्ही दोघांनी मागे एकत्र सुरू केलं होतं तर त्याचं भराभर उतरायचं आणि माझं ढिम्म. मी गाल फुगवून बसायचे.

मंदगती
निम्मीसाखर, शरीर मोठं आणि स्नायू जास्त असले की तेवढ्याच खाण्यात वजन लवकर उतरतं, त्यामुळे पुरुष सुरुवातीला पुढे दिसतात. म्हणून दोघांची स्पर्धा लावूच नये. प्रत्येकाने स्वतःच्या टक्क्यांत बघावं.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते त्यामुळे थोडं खडूस लिहिते, राग मानू नका. पार्टनर हा डॉक्टर नाही. तो कितीही बारीक झाला असला तरी त्याचा डाएट प्लॅन तुम्ही उचलायचा नाही. वजन न उतरण्यामागे थायरॉइड असू शकतं, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा एक त्रास) असू शकतं, स्टेरॉइड, इन्सुलिन, मनाच्या आजारावरची काही औषधं यांनी वजन वाढतं. अशा माणसाला पार्टनर "तू मनावरच घेत नाहीस" म्हणाला तर त्याच्यासारखा अन्याय नाही. डायबेटीसची औषधं चालू असताना पार्टनरच्या नादाने जेवण टाळणं तर धोक्याचंच, शुगर खाली जाऊ शकते. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा बऱ्याच जणांसाठी ठीक वेग आहे, त्याहून जोरात पळायला लावणारा पार्टनर नको.

आणि ज्यांना आधी कधी खाण्याचे विकार झालेत, म्हणजे उपाशी राहणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, भसाभस खाऊन मग स्वतःचा तिरस्कार करणं, त्यांनी असा हिशोब आपल्या डॉक्टरांना किंवा थेरपिस्टला विचारूनच सुरू करावा. जेवणाचे फोटो तर अजिबात नकोत. पार्टनर म्हणून तुम्हाला समोरच्यात हे दिसायला लागलं तर हिशोब तिथेच थांबवायचा आणि त्याला मदतीकडे न्यायचं.

सायंतारा
मंदगती, खडूस कुठे, हे लिहायलाच हवं होतं.

फोटोंबद्दल माझं मत, काही दिवस मजा येते मग ताटाकडे बघून खाण्याऐवजी ताट फोटोत कसं दिसेल हेच डोक्यात. आणि जे खाल्लेलं फोटोत नाही ते खाल्लंच नाही असं आपण स्वतःला पटवतो.

ओलीसुकी
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही पण सगळं दोनदा वाचलंय. कलीगला विचारायचं नक्की केलं. मेसेज लिहिलाय, पाठवायच्या आधी इथे टाकते, चिरफाड करा:

"हाय, तुझ्याशी जरा पर्सनल बोलायचं होतं. मला वजन कमी करायचंय आणि मला एकटीला ते जमत नाही, मी खूप आळशी आहे, तर तू माझी पार्टनर होशील का? म्हणजे मी काही चुकीचं करत असले तर मला ओरडायचं आणि मला मोटिवेट करत राहायचं. तुला जमेल तेव्हा. नाही म्हणालीस तरी चालेल."

पायवाट
हा मेसेज मला आला तर मी पळून जाईन :)

"मोटिवेट करत राहायचं" हे केवढं मोठं ओझं आहे बघा, आणि तुम्ही ते ऑफिसातल्या माणसाच्या गळ्यात घालताय. "जमेल तेव्हा" म्हणजे कधीच नाही. "ओरडायचं" कशाला? आणि स्वतःला आळशी म्हणून सुरुवात केली की तिलाही तसंच वागवायची सवय लागेल.

तिला काम नेमकं सांगा. वार, वेळ, किती मिनिटं, किती आठवडे. शेवट असलेली गोष्ट माणूस पटकन कबूल करतो. आठ आठवडे म्हणा, मग दोघींनी मिळून ठरवायचं पुढे चालवायचं का थांबवायचं. याने सोडून जाण्याचा प्रश्नही सुटतो, कोणी कोणाला "सोडत" नाही, मुदत संपते.

काटेकोर
आणि बदल्यात तिला काय हवंय ते विचारा. एकतर्फी उपकार फार टिकत नाहीत.

सायंतारा
एक सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. गप्प बसण्याचं काय ठरवलंत?

म्हणजे असं बघ, ही असली जोडी मोडते ती वजन वाढल्यामुळे नाही मोडत. एक आठवडा खराब जातो, रविवारी मेसेज टाकायची लाज वाटते, म्हणून टाकत नाही, समोरचीला वाटतं हिला नको असेल आता, उगाच कशाला टोचा, म्हणून तीही विचारत नाही, पुढच्या रविवारी तर दोन आठवड्यांचं सांगावं लागणार म्हणून आणखी लाज, आणि झालं. भांडण नाही, काही नाही, दोघी एकमेकींना छान समजून घेत घेत धंदा बंद.

मावसबहिणीबरोबर मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की माझा मेसेज आला नाही तर तिने दुसऱ्या दिवशी फोन करायचा, मी कितीही बिझी आहे म्हटलं तरी. आणि खराब आठवड्यासाठी माझं वाक्य ठरलेलं आहे, "आठवडा वाईट गेला". तीन शब्द. कारणं द्यायची नाहीत, तिने विचारायची नाहीत. त्यावर तिचा प्रश्नही ठरलेला, "उद्या काय करणार?" मग मी एक काहीतरी छोटं सांगते. किती वेळा या तीन शब्दांनी वाचवलंय काय सांगू.

शंकासुर
हे आवडलं. धाक नाहीये यात. (नोंद घ्या, शंकासुराला काहीतरी आवडलं.)

मंदगती
सायंतारा, फार छान. "उद्या काय करणार" ला उत्तर देताना मात्र "नीट करेन" चालवून घेऊ नका. जर-तर लावून सांगायला लावा. "जर संध्याकाळी ऑफिसात उशीर झाला, तर घरी येण्याआधीच वीस मिनिटं चालेन." काय अडणार आणि अडलं की काय करणार, दोन्ही एका वाक्यात. आमच्याकडे येणाऱ्यांत असं सांगणारे आणि "प्रयत्न करते मॅडम" म्हणणारे यांच्यात फरक दिसतो.

अर्ध्या तासाचा हिशोब पायवाट यांनी दिला तो योगायोगाने बरोबर आहे. डायबेटीस टाळण्यावरचा जो मोठा अमेरिकन अभ्यास २००२ मध्ये आला त्यात आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी हेच लक्ष्य होतं, आणि त्या गटात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गोळी दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. आणि त्या लोकांना फक्त कागद हातात दिला नव्हता बरं का, प्रत्येकाला विचारपूस करणारा एक कोच होता.

पायवाट
योगायोगाने?! आम्ही अभ्यास करूनच बोलतो हो :)

ओलीसुकी
नवीन मेसेज, पाठवूनसुद्धा झाला:

"हाय. मी आठ आठवडे रोजच्या चालण्याचा हिशोब कोणालातरी द्यायचं ठरवलंय. तू वेळ पाळतेस म्हणून तुला विचारतेय. दर रविवारी रात्री नऊपर्यंत मी एक मेसेज टाकेन, किती दिवस झालं. तू फक्त पाहिलं म्हणून कळवायचं. आला नाही तर सोमवारी मला विचारायचं, तेवढंच. सल्ले द्यायचे नाहीत, वजन विचारायचं नाही. तुझं असं काही असेल तर मी तुझ्यासाठी हेच करेन. नको असेल तर सरळ नाही म्हण, मी दुसऱ्या कोणालातरी विचारेन."

मैत्रिणीलाही सांगितलं. ती दुखावली वगैरे काही नाही, उलट म्हणाली बरं झालं, मला कुठे जमणार होतं तुला जाब विचारायला. तिच्यासोबत शनिवारी चालायला जायचं ठरलंय, ती उशिरा आली तर मी निघालेली असेन हेही सांगून टाकलं.

निम्मीसाखर
कलीगचं उत्तर आलं का??

ओलीसुकी
आलं, त्याच दिवशी, अपेक्षेप्रमाणे :) हो म्हणाली. पण तिला वजन कमी करायचंच नाहीये. ती कसल्यातरी परीक्षेचा अभ्यास करतेय नोकरी सांभाळून, आणि रोज एक तास बसायचं हा तिचा हिशोब. मी चालण्याचे दिवस सांगणार, ती अभ्यासाचे. हे चालेल का? दोघींचं ध्येयच वेगळं आहे.

पायवाट
धावेल. तुलनेला जागाच नाही, आणि ती तुमच्या ताटात डोकावणार नाही कारण तिला त्यात रसच नाही.

मंदगती
चालेल. फक्त तिची परीक्षा झाली की तिचा हिशोब संपेल, तुमचा संपणार नाही. उतरवण्यापेक्षा टिकवणं लांबचं काम असतं आणि लोक पार्टनर सोडतात नेमके तेव्हाच. आठ आठवड्यांनी भेटाल तेव्हा हे बोलून घ्या.

काटेकोर
एक तांत्रिक सूचना. रविवार रात्रीऐवजी शनिवार सकाळ बघा. रविवारी रात्री मेसेज टाकायचा म्हणजे अख्खा वीकेंड बिघडून गेल्यावर कळवणं. शनिवारी सकाळी कळवलं तर कमी पडलेला एखादा दिवस भरून काढायला दोन दिवस हातात राहतात.

ओलीसुकी
हो की! विचारते तिला. शनिवारी सकाळी ती अभ्यासाला बसलेली असेल म्हणा, आठच्या आत टाकावा लागेल.